म्हसू पाइकाचा भाला

मी एक जुना भाला आहे. मित्रांनो, भाला म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर उधळलेला घोडा येतो, त्यावर झळाळत्या टोपातला वीर येतो. मी तसल्या भाल्यांपैकी नाही. माझे लोखंड आधी नांगराच्या फाळात होते.

चांदवडच्या डोंगराआड एका लहानशा गावात म्हसू नावाचा शेतकरी राहत होता. एका वर्षी देशमुखाने दवंडी पिटवली की दसऱ्यानंतर घरटी एक माणूस मोहिमेला हवा आणि हत्यार ज्याचे त्याने आणायचे. म्हसूकडे हत्यार कुठले? एक झिजलेला फाळ होता, तो घेऊन तो लोहाराकडे गेला. लोहाराने मला भट्टीत घातले, ठोकून लांब केले, धार काढली आणि वेळूच्या काठीवर बसवले. घाव घालताना तो एकदाच बोलला, “म्हसू, याला मातीची सवय हे. रगताची लागायला येळ लागल.”

ती सवय मला कधीच लागली नाही.

म्हसू पाईक झाला. पाईक म्हणजे पायी चालणारा शिपाई. सैन्य निघाले की पुढे हत्ती, मग घोडे, आणि त्यांनी उडवलेली धूळ खात सर्वांत मागे पाईक. माझ्या काठीला म्हसू भाकरीचे गाठोडे अडकवत असे. मुक्कामाला तीच काठी रोवून तिच्यावर घोंगडी टाकली की तंबू तयार. माझ्या पात्याने त्याने कंद उकरले, चुलीसाठी खड्डे खणले, आणि सरदारांच्या डेऱ्यात पाणी शिरू नये म्हणून डेऱ्याभोवती चर खणले. माणूस मात्र एकही मारला नाही.

आम्ही कोणाच्या बाजूने लढत होतो, असे तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षी एका बाजूने. पुढच्या वर्षी देशमुखाचे त्या बाजूशी बिनसले, म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. पाइकांना कोणी काही विचारले नाही. म्हसूने एवढेच पाहिले की ज्यांच्या शेजारी बसून आपण गेल्या वर्षी भाकर खाल्ली, ते आता नदीच्या पलीकडे उभे आहेत. त्यातल्या एकाने ओळखून लांबून हात केला. म्हसूनेही केला. मग शिंग वाजले.

शेवटचा वेढा इगतपुरीच्या बाजूला, घाटमाथ्यावरच्या एका किल्ल्याला पडला होता. तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. महिना महिना सूर्य दिसत नाही. धान्याला बुरशी आली, प्यायच्या पाण्यात जनावरे मेली, आणि छावणीत हगवणीची साथ पसरली. किल्ल्यावरून एक दगडही आला नाही, तरी रोज माणसे मरत होती. म्हसू आडवा पडला तेव्हा त्याच्या उशाशी गावचाच गोटीराम बसला होता. म्हसू त्याला म्हणाला, “नवसाबाईला सांग, माझ्यासाठी थांबू नको म्हणावं. पेरून घे.”

त्याला पुरायला खड्डा खणला, तो माझ्याच पात्याने.

गोटीराम परवानगी न घेता वेढा सोडून घरी आला. त्याने मला म्हसूच्या बायकोच्या, नवसाबाईच्या हाती दिले, काय झाले ते सांगितले आणि देशमुखाच्या भीतीने दुसऱ्या मुलखात निघून गेला. साक्षीदारच उरला नाही. मग गावात बोलले जाऊ लागले की म्हसू लढाईतून पळाला आणि कुठेतरी दुसरा संसार मांडून बसला. नवसाबाई सांगून सांगून थकली. कोणीही ऐकले नाही. शेवटी तिने माझी काठी काढली आणि मला गोठ्यातल्या जमिनीत ठोकले.

“उभा राहा हितं,” ती म्हणाली. “घरात कुणीतरी उभं पायजे.”

तिचे रांगते पोर मला धरून उभे राहायला शिकले. त्या पोराची पोरे झाली, त्या पोरांची पोरे झाली. मी गोठ्यातला खुंटा होतो. माझ्या मानेला बैल बांधले, गाई बांधल्या, कधी शेळ्या बांधल्या. मित्रांनो, लोक मला विसरले होते, पण माझा उपयोग विसरले नव्हते. ते दिवस वाईट नव्हते, हे आता कळते.

त्याच घरात फार पुढे गोरक्ष नावाचा मुलगा जन्मला. शिकून तो नाशिकला गेला, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागला आणि इंदिरानगरात दोन खोल्यांच्या घरात राहू लागला. गावाकडे त्याची आई सिंधुबाई एकटीच शेत बघत होती. कांदा साठवायची चाळ बांधायची म्हणून तिने जुना गोठा पाडायला काढला, तेव्हा गोरक्ष रजा घेऊन आला होता. त्याने मला उपटले, माती झाडली आणि तो तिथेच मटकन खाली बसला.

“आई, हा भाला आहे.”

“खुटा हे तो,” सिंधुबाई म्हणाली. “तुझ्या पणज्याच्याबी आधीपासून हे. फेकू नको, कामाला येतो.”

गोरक्षने मला फडक्यात गुंडाळून नाशिकला आणले. त्याच्या टेबलावर, खिडकीपाशी, मला जागा मिळाली. नोकरीवर जाण्याआधी तो रोज सकाळी लिहायला बसे. त्याने इतिहासाची पुस्तके ढीगभर वाचली होती. त्यांत राजे होते, तह होते, खजिने होते. माझ्यासारखा भाला धरणाऱ्याचा पत्ताच नव्हता. म्हणून त्याने ठरवले की कादंबरी लिहायची ती अशा एका पाइकाची. त्याने त्याचे नाव ठेवले म्हसू. का, ते मला माहीत नाही. त्यांच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता, त्यावरून सुचले असेल. मला मात्र, ते नाव त्याने पहिल्यांदा मोठ्याने वाचले तेव्हा, गंजाच्या आत कुठेतरी हलल्यासारखे झाले.

त्याची बायको उज्वला सकाळी भाजी निवडता निवडता ती पाने वाचत असे. ती मोजके बोलायची, पण नेमके बोलायची.

“अहो, याच्या पायात काय आहे? कधीचा चालतोय हा.”

गोरक्ष विचारात पडायचा. मग म्हसूच्या पायाला भेगा पडायच्या, त्यांत तो मेण भरायचा.

“आणि त्याची बायको कुठाय? तो गेल्यावर नांगर कोणी धरला?”

मग नवसाबाईचे प्रकरण लिहिले गेले. नाव तेवढे वेगळे होते. ती उंबऱ्याशी बसून वाट बघत नव्हती. ती नांगर धरत होती, देशमुखाच्या कारकुनाशी भांडत होती आणि नवरा पळाला म्हणणाऱ्या बायकांच्या शेजारीच पाणी भरत होती. गोरक्षला यातले काही ठाऊक नव्हते. बसल्या जागी, माझ्याकडे बघत, त्याने ते खरे खरे लिहिले. कसे, हे मी आजही सांगू शकत नाही. म्हसू घोंगडीखाली हगवणीने मेला, ते पान वाचताना उज्वलाने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि पदराने डोळे पुसले. गोरक्ष तिच्याकडे बघत राहिला. त्याला त्या सकाळी झालेला आनंद पुढे कधीच झाला नाही.

कादंबरी पुरी झाली. ती घेऊन तो प्रकाशकांकडे फिरला. पुण्याहून ती परत आली, मुंबईहून परत आली. नाशिकचा एक प्रकाशक, शेखर नावाचा, स्वतः घरी आला. चहा पीत म्हणाला, “सर, लिहिलंय छान. पण राजा कुठाय? राजा नाही तर नाही, निदान एखादा सरदार?”

“ही शिपायाची गोष्ट आहे,” गोरक्ष म्हणाला.

“तेच म्हणतोय मी. मुखपृष्ठावर काय छापू? चिखल?”

पुढे कित्येक वर्षे ती पाने माझ्याशेजारी पडून होती. कचेरीतले लोक आधी विचारायचे, पुस्तक आले का. मग ते हसून विचारू लागले. मग विचारीनासे झाले. निवृत्ती जवळ आली. गोरक्षच्या कानांवरचे केस पांढरे झाले. तो माझ्यावरची धूळ पुसायचा, पण पाने उघडायचा नाही.

आणि एके दिवशी शेखर पुन्हा आला, सोबत लखनभाऊंना घेऊन. लखनभाऊ म्हणजे बांधकामातून वर आलेले पुढारी. त्यांनी आपल्या कुळाचे मंडळ काढले होते, महामार्गाला लागून मोठे सभागृह बांधले होते, आणि त्यांना आता एक पूर्वज हवा होता.

“आमच्या घराण्यात एक मोठे सरदार होऊन गेले,” लखनभाऊ म्हणाले. “आजोबा सांगायचे. नाव तेवढं राहिलं नाही. शेखरभाऊ म्हणाले, तुमच्या पुस्तकातला माणूस आमच्याच भागातला आहे.”

“तो सरदार नाही. साधा पाईक आहे.”

“लेखणी तुमच्या हातात आहे, सर. पाइकाचा सरदार करायला कितीसा वेळ लागतो?” ते हसले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलले, वजन करून बघितले. “हा त्यांचाच का?”

मित्रांनो, गोरक्षने एवढेच म्हणायचे होते, की हा आमच्या गोठ्यातला आहे. खरे तर तोही हे पुरते जाणत नव्हता, की ज्याला आपण देऊन टाकतोय तो आपल्याच रक्ताचा आहे, त्याच्या रांगत्या पोरापासून आपला वंश चालत आला आहे. पण गोठ्यातला भाला म्हणजे आपल्याच कोणा पूर्वजाचा असणार, एवढे तर त्याला कळत होते.

“असू शकेल,” गोरक्ष म्हणाला.

“खुंटा आहे तो,” स्वयंपाकघराच्या दारातून उज्वला म्हणाली. “सासूबाई गाय बांधायच्या त्याला.”

लखनभाऊ खो खो हसले. शेखरही हसला. थोड्या वेळाने गोरक्षही हसला.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा लिहायला बसला. आता त्याला विचार करावा लागत नव्हता, हात झरझर चालत होता. म्हसूचा सरदार म्हसाजीराव झाला. त्याच्या भेगाळल्या पायांत मोजडी आली आणि खाली घोडा आला. नदीपलीकडून हात करणारा माणूस पुसला गेला, कारण म्हसाजीरावांनी बाजू बदलली असे लिहिणे बरे दिसले नसते. हगवण गेली. म्हसाजीराव किल्ल्याच्या दरवाज्यात अंगावर असंख्य जखमा झेलून, मला शत्रूच्या छातीत रोवून पडले. नवसाबाईचे प्रकरण तर अख्खेच निघाले. तिला आता एकच काम उरले, निरोप देताना ओवाळायचे.

उज्वलाने ही पाने वाचायला मागितली नाहीत. गोरक्षनेच एकदा तिच्यापुढे धरली. तिने वाचली आणि परत दिली.

“तो हगवणीनं मेला तेव्हा मी रडले होते,” ती म्हणाली. “आता तुम्ही त्याला मारलंत.”

प्रकाशनाच्या आधी मला एका कारखान्यात नेले. फिरत्या दगडावर धरून माझा गंज काढला. गंजाबरोबर लोहाराच्या हातोडीच्या खुणा गेल्या, दाव्याने मानेवर पडलेली घळ गेली, आणि रांगत्या पोरांच्या मुठींनी आलेला गुळगुळीतपणाही गेला. मग मला सोनेरी मुलामा दिला, नवी काठी बसवली, लाल गोंडे बांधले. दुखले का, असे विचारू नका. लोखंडाला दुखत नाही असे सगळेच मानतात.

सभागृह भरून गेले होते. मी व्यासपीठावर मखमलीवर होतो. सिंधुबाई नवे लुगडे नेसून गावाहून आली होती. लेकाचा सत्कार म्हणून ती हौसेने पहिल्या रांगेत बसली. एक स्वयंसेवक वाकून तिला म्हणाला, “आजी, या खुर्च्या सरदारांच्या वंशजांच्या आहेत. तुम्ही मागं बसा.” ती उठली. एका हाताने लुगडे सावरत, दुसऱ्या हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत मागे गेली. तिच्या खुर्चीवर लखनभाऊंचा पुतण्या बसला. व्यासपीठावरून गोरक्षने हे पाहिले. मी त्याच्या शेजारीच होतो, म्हणून खात्रीने सांगतो, त्याने पाहिले. त्याने खांद्यावरची शाल नीट केली आणि समोर बघितले.

समारंभ संपल्यावर सिंधुबाई माझ्यापाशी आली. ती मुलाम्याला भुलून ओळख विसरली नाही. माझ्या पात्यावर बोट फिरवून ती म्हणाली, “गोरख, आपला खुटा यांनी लयच घासला रं. बारीक झाला पार.”

“आई, हळू बोल,” गोरक्ष म्हणाला.

ते तिचे माझ्यापाशी झालेले शेवटचे बोलणे. त्या हिवाळ्यात ती वारली.

पुस्तक भराभर खपले. गोरक्षला पुरस्कार मिळाले, शाळा-कॉलेजांतून बोलावणी आली. मी लखनभाऊंच्या सभागृहात काचेच्या पेटीत उभा राहिलो. खाली पाटी लागली, सरदार म्हसाजीराव यांचा विजयी भाला. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. मी इतका सन्मान कधी पाहिला नव्हता, आणि इतका एकटाही कधी नव्हतो. गोठ्यात निदान गाईचा उबदार श्वास तरी लागायचा.

मग लखनभाऊंनी म्हसाजीरावांच्या नावाने शौर्यदिन सुरू केला. पहिल्या वर्षी प्रमुख पाहुणा अर्थातच गोरक्ष. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्याचा चेहरा उतरलेला होता. हार घालून घेतला, माइकपाशी आला आणि माझ्याकडे वळून बघू लागला. लोक चुळबुळ करू लागले.

“मी तुम्हाला खोटं सांगितलं,” तो शेवटी म्हणाला. “या भाल्यानं कोणालाही मारलेलं नाही. हा धरणारा माणूस सरदार नव्हता. तो माझ्यासारख्याच घरातला कोणीतरी होता, बहुतेक माझ्याच घरातला. आजारी पडून, भिजून, भुकेनं मेला असेल. माझी आई या भाल्याला गाय बांधायची. त्या दिवशी तिला तुम्ही मागं बसवलंत. नाही... मीच मागं बसवलं.”

माइक बंद झाला. तरी तो बोलत होता, ओठ हलताना दिसत होते. कोणीतरी ओरडले, “आमच्या सरदाराला भुकेला म्हणतो?” खुर्च्या सरकल्या. दोघा-तिघांनी त्याला धरून खाली ओढले, गळ्यातला हार तुटला, चष्मा पडला आणि त्यावर कोणाचा तरी पाय पडला. खोटे लिहिले तेव्हा ज्या हातांनी शाल घातली होती, त्यातलेच काही हात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोरक्षला त्याच जागी, माझ्या पेटीपुढे उभे केले. समोर मोबाइलचे कॅमेरे होते. शेखरने त्याच्या हातात छापील कागद दिला.

“वाचा फक्त, सर. दोन मिनिटांचं काम. पुढची आवृत्ती अडकलीय.”

गोरक्ष हात जोडून वाचू लागला. भावना दुखावल्या असल्यास क्षमा असावी. सरदारांच्या शौर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आईच्या निधनाने माझा मानसिक तोल ढळला होता. या वाक्यापाशी तो थांबला. आईचे नाव त्या कागदावर असेल अशी त्याची कल्पना नव्हती. शेखरने खोकून इशारा केला. गोरक्षने ते वाक्य वाचले, पुढचीही वाचली. लखनभाऊंनी कॅमेऱ्यासमोर त्याला पेढा भरवला आणि पाठीवर थाप मारली.

“लेखक माणूस आहे,” ते म्हणाले. “हळवा असतो. आम्ही मनावर घेतलेलं नाही.”

गोरक्ष परत कधी आला नाही. पण काही महिन्यांनी, साध्या कामाच्या दिवशी, उज्वला आली. सभागृहात कोणी नव्हते. ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिथल्या तिथे काचेपुढे खाली बसली, जशी घरी भाजी निवडायला बसायची. तिच्याकडे पिशवीही नव्हती आणि फोनही तिने काढला नाही. राखणदाराला संशय आला.

“बाई, फोटो काढायचाय का? नाहीतर इथं बसता येत नाही. कोणाला भेटायचंय?”

“घरचं माणूस आहे,” उज्वला म्हणाली. “त्याला भेटायला आलेय.”

राखणदार कोणी दिसते का म्हणून इकडेतिकडे बघू लागला. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “ते लिहीत नाहीत आता. सकाळी उठून नुसते खिडकीपाशी बसतात.” आणि उठून गेली.

मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल येते तेव्हा तुम्ही रांगेने माझ्यासमोरून जाता. मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणणार नाही. माझी निगा नको तितकी घेतली जाते. तुम्ही फक्त एक करा. लढाईची गोष्ट कोणी सांगू लागला, की त्याला मध्येच थांबवा आणि विचारा, मागच्या रांगेतले ते लोक त्या दिवशी काय जेवले होते? त्यांच्या शेतात तेव्हा कोण राबत होते? सांगणारा कदाचित चिडेल. तुम्हाला गप्प बसवेल, वर्गाबाहेरही उभे करील. तेव्हा घाबरू नका. बाहेर उभ्या केलेल्यांत तुम्हाला चांगली सोबत मिळेल, म्हसू तिथे फार दिवसांपासून उभा आहे.